बंडूजींच्या आवतनाची पोच

नव्या घराच्या वास्तूचं आवतन माणूस पाठवून द्यायचं नाही, मोबाइलवरून द्यायचं, असं बंडूजी साठवण्यांनी जाहीर केलं, तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही. हरकत नव्हती असं नाही. सुलोचनाबाई गहू निवडत होत्या, आणि गहू निवडताना नवऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा नेम होता.

"एसएमएस," बंडूजी म्हणाले. "एक बटन दाबलं का दीडशे घरी आवतन. ना उनात फिरनं, ना घरोघरी चहा."

"हाव," म्हणत सुलोचनाबाईंनी एक खडा बाजूला टाकला. मग मान वर न करता विचारलं, "अन् जेवाच्या टायमाले बोलवाले कोन जाईन?"

"कायले जा लागते? मेसेजातच टाइम टाकतो ना. साडेबारा म्हनजे साडेबारा."

सुलोचनाबाईंनी आणखी एक खडा बाजूला टाकला, आधीच्यापेक्षा जरा जोरात. बंडूजींच्या ते लक्षात आलं नाही.

बंडूजी म्हणजे निवृत्त बडे बाबू. बडे बाबू म्हणजे कचेरीतला असा माणूस, की ज्याच्या टेबलावरून कागद हलला नाही तर खुद्द साहेबाची रजा मंजूर होत नाही. चौतीस वर्षं गडचिरोली, भंडारा, गोंदिया अशी बदल्यांच्या गावी सरकारी क्वार्टरात काढून ते वर्ध्याला परतले आणि पिपरी मेघेच्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वस्तीत, त्यांनी घर बांधलं. साल दोन हजार सात. पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत असलेल्या निकेशनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, वडिलांना मोबाइल दिला आणि त्यात दिवसाला शंभर मेसेज फुकटचं पॅक टाकून दिलं. बंडूजींना त्या शंभर मेसेजचं फारसं काही वाटलं नाही. ते भाळले एका वेगळ्याच गोष्टीवर. मेसेज पलीकडच्या फोनात पोचला की आपला फोन टुंग करून वाजायचा आणि पडद्यावर यायचं, 'डिलिव्हर्ड'.

पोच! चौतीस वर्षं हा माणूस पोचेच्या मागे धावला होता. चपराशी कागद देऊन यायचे आणि सही आणायला विसरायचे. सही आणली तर तारीख नसायची. तारीख असली तर सही भलत्याचीच असायची. आणि इथे खिशातला एक डबा टुंग म्हणून पोच देत होता, तेही चहा-पाण्याला न थांबता. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बंडूजींनी तोच मेसेज पुन्हा एकदा पाठवून पाहिला. मग एवढंच म्हणाले, "हे आधी आलं असतं तं तीन मानसं सस्पेंड होयाचे वाचले असते."

पण पोचेचं एवढं वेड का, ते कळायला महादेवरावांचं सांगावं लागेल.

महादेवराव म्हणजे अल्लीपूरचे चुलत भाऊ, घराण्यात सगळ्यात थोरले. मॅट्रिकच्या परीक्षेला बंडूजींना सायकलच्या दांडीवर बसवून हिंगणघाटला नेणारे, आणि पेपर सुटेपर्यंत शाळेच्या फाटकाशी सायकल धरून उभे राहणारे. चार वर्षांपूर्वी निकेशचं लग्न झालं, वर्ध्याच्या एका मंगल कार्यालयात. बंडूजी तेव्हा गोंदियाला. त्यांनी सगळ्या पत्रिका पोस्टानं पाठवल्या आणि महादेवरावांना तर मानाची म्हणून रजिस्टर्ड, पोचपावतीसह. पोचपावती सहीनिशी परत आली. महादेवराव मात्र मांडवात दिसले नाहीत. मग अल्लीपुरात बातमी फिरली, की बंडूनं दादाला विचारलंसुद्धा नाही. हे ऐकून बंडूजींनी काय करावं? त्यांनी त्या पोचपावतीची झेरॉक्स काढली, तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला, खाली सही केली आणि ती महादेवरावांना पाठवून दिली. रजिस्टर्डनं.

त्यानंतर दोघं भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. नात्यातल्या तेराव्याला एका सतरंजीवर बसायचे, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला.

"बाकी कोनी नाई आलं तं चालन," एका संध्याकाळी बंडूजी सुलोचनाबाईंना म्हणाले होते. "दादा आले पाह्यजे. या घरात दादाच्या हातचा पहिला घास पडला पाह्यजे. अन् यावेळी कोनाले म्हनता येऊ नये का बंडूनं इचारलं नाई."

सुलोचनाबाई तेव्हा गहू निवडत नव्हत्या. त्यांनी ते ऐकून ठेवलं.

तर मेसेज. मजकूर तयार करायला बंडूजींना एक दिवस लागला आणि तो बटणं दाबून लिहायला दुसरा, कारण एकेका अक्षरासाठी एकेक बटण तीनतीनदा दाबावं लागायचं आणि चौथ्यांदा दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून अखेर मजकूर सिद्ध झाला तो असा: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी आमचे नूतन वास्तूत पूजा व भोजन योजिले आहे. भोजनाची वेळ दुपारी १२.३०. तरी उपस्थित राहावे. बं. रा. साठवणे, सेवानिवृत्त.'

यादीत नावं एकशे सत्तेचाळीस. त्यासाठी त्यांनी एक रजिस्टर घातलं. अनुक्रमांक, नाव, गाव, मोबाइल नंबर, आणि शेवटचा रकाना, लाल रेघ मारून, 'पोच'. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्यापुढे नाक्यावरच्या रिचार्जवाल्या ओमप्रकाशचा नंबर टाकला, 'मार्फत' असं लिहून. अशी अकरा माणसं निघाली. ओमप्रकाशला विचारायचं मात्र राहून गेलं.

बुधवारी सकाळी शंभर मेसेज गेले. टुंग, टुंग, टुंग. बंडूजी प्रत्येक टुंगला रजिस्टरात बरोबरची खूण करत होते. उरलेले सत्तेचाळीस गुरुवारी गेले, कारण फुकटची मर्यादा शंभराची. आणि गुरुवारी दुपारपासूनच मनं दुखावल्याची खबर यायला लागली. ज्यांना गुरुवारी मेसेज पोचला त्यांचं म्हणणं, बुधवारच्या यादीत आमचं नाव काऊन नव्हतं? आम्ही काय मागून भरती केलेले?

मग फोन यायला लागले.

"बंडूजी, मेसेज भेटला. पन चुलबंद हाय का घरटी एक?"

आता हा प्रश्न रास्त होता. चुलबंद आवतन म्हणजे घरातल्या सगळ्यांना, त्या दिवशी त्या घरी चूल पेटायची नाही. घरटी एक म्हणजे एकच माणूस. तोंडी आवतन देणारा हे दारातच सांगतो. बंडूजींच्या मजकुरात त्याचा उल्लेख नव्हता. एकवीस फोन झाल्यावर त्यांनी शुक्रवारी शुद्धिपत्रक काढलं: 'संदर्भ आमचा बुधवारचा एसएमएस. सदर आवतन चुलबंद समजण्यात यावे.' शंभर शुक्रवारी, सत्तेचाळीस शनिवारी. बडे बाबूंच्या हाताखाली कागद कसा वाढतो, ते घरात आता सगळ्यांना दिसायला लागलं होतं.

शनिवारी ओमप्रकाश स्वतः आला. "बाबूजी, आपने मेरे को ग्यारह बार बुलाया है. ग्यारह बार चूल बंद करवाई है. मैं अकेला आदमी, कितना खाऊं?"

त्याच्यामागे समोरच्या घरातले भैयाजी. भैयाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि अजून प्रत्येकाला जागा दाखवून बसवायची सवय गेली नव्हती. ते आले आणि ओट्यावर उभेच राहिले, बसले नाहीत.

"बसा ना जी."

"नाई, बसत नाई. एकच इचारतो. तुमच्या दारापासून माह्यं दार तीस पावलं. हाक मारली असती तं माह्या म्हातारीले बी ऐकू आली असती, अन् ते तं बहिरी हाय. मले तुमी आकाशातून मेसेज धाडला?"

"अवो भैयाजी, पोच राह्यते त्याची."

"तीस पावलाची पोच?" असं म्हणून भैयाजी गेले ते चहासुद्धा न घेता गेले. भैयाजी चहा न घेता गेल्याची ले-आउटच्या इतिहासात ही पहिलीच वेळ.

बंडूजींना हे सगळं सहन झालं असतं. पण रजिस्टरात एक रकाना रिकामा होता. अनुक्रमांक एक, महादेवराव, अल्लीपूर. बुधवारपासून त्या नंबरापुढे एकच शब्द येत होता, 'पेंडिंग'. एकशे शेहेचाळीस पोचा आल्या, आणि जिच्यासाठी सगळा खटाटोप होता तीच आली नाही. बंडूजी तासातासाला फोन काढून पाहायचे. जेवताना पाहायचे. शुक्रवारी संध्याकाळी निकेशला फोन करून विचारलं होतं, तर तो म्हणाला, "बाबा, त्यांचा फोन बंद असेल. अल्लीपूरला बारा-बारा तास लाईन नसते, चार्जिंग कुठून होणार? तुम्ही सरळ जाऊन का येत नाही?"

"मी जाऊ? झेरॉक्स पाठवल्यावर?" बंडूजींचा आवाज चिरका झाला. "तिथी जाऊन त्यायनं तोंड फिरवलं तं?"

सुलोचनाबाई तेव्हा बाहेरून आल्या होत्या. त्या दिवशी सकाळीच त्या हिंगणघाटला ब्लाउजपीस आणायला म्हणून एसटीनं गेल्या होत्या आणि एकही ब्लाउजपीस न आणता परतल्या होत्या. बंडूजींनी हेही पाहिलं नाही. त्यांचं लक्ष पेंडिंगवर होतं.

रविवार उजाडला. वैशाखातला वर्ध्याचा रविवार, म्हणजे दहा वाजताच रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. निकेश आणि सून हर्षा आदल्या दिवशी आले होते, ते पूजेला बसले. पूजा यथासांग झाली. मांडवाखाली पत्रावळींच्या रांगा मांडल्या. नागेश आचाऱ्यानं सकाळपासून राबून वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी आणि कढी सव्वाबाराला तयार ठेवली. मांडवाच्या दोन टोकांना दोन कूलर. बारा वाजता भारनियमनाची वेळ लागली आणि दोन्ही कूलर घरघर करून थांबले. बंडूजींनी वीज कंपनीचं वेळापत्रक पाहून ठेवलं होतं, त्यात रविवारी बारा ते चार लाईन होती. पण ते गेल्या महिन्याचं होतं.

साडेबारा वाजले. बंडूजी नवं धोतर नेसून फाटकात उभे राहिले. कुणी आलं नाही.

बारा पस्तीसला एक आला. पंचविशीचा, खांद्याला बॅग. वाकून नमस्कार केला.

"साठवणे साहेब आपणच ना? मी योगेंद्र. औषध कंपनीत आहे, बोरगाव मेघेला खोली करून राहतो. खरं सांगतो, मी तुम्हाला ओळखत नाही. पण मेसेज आला, मग चुलबंदचा पण आला. आणि आमची मेसवाली बाई परवापासून गावाला गेलीय."

बंडूजींनी रजिस्टर काढून पाहिलं. देवळीच्या मावसभावाच्या नंबरात शेवटी सहाऐवजी आठ पडला होता. पोच मात्र होती. पोच असलेल्या माणसाला परत कसं पाठवणार? योगेंद्रला पत्रावळीच्या रांगेत बसवलं. दोनशे पानांच्या मांडवात एकटा योगेंद्र जेवत होता आणि नागेश आचारी त्याच्या डोक्यावर वाढपी होऊन उभा होता.

एक वाजला. सव्वा वाजला. बंडूजींनी रस्त्यावर नजर टाकली. माणसं आली होती. ले-आउटच्या प्रत्येक ओट्यावर माणसं बसली होती. परीटघडीचे कुर्ते, नव्या साड्या, पावडर लावलेली लेकरं. बोरगावचे नातेवाईक या ओट्यावर, देवळीचे त्या ओट्यावर, ज्यांची ज्या घरी ओळख त्या घरी. सगळे घामानं निथळत, वर्तमानपत्रानं वारा घेत, थेट मांडवाकडे बघत होते. आणि एकही माणूस उठत नव्हता. समोर भैयाजी, कडक कुर्त्यात, तीस पावलांवर, मान ताठ.

बंडूजी आत आले आणि खुर्चीवर बसले. "बहिष्कार हाय," ते म्हणाले. "सगळ्यायनं मिळून टाकला बहिष्कार. ह्यामांगं अल्लीपूर हाय. असू दे. मी मेसेज केला, शुद्धिपत्रक काढलं, पोच हाय माह्याजवळ. आता मी कोनाच्या पाया पडत नाई." आणि त्यांनी रजिस्टर मांडीवर घट्ट धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. बडे बाबू चौतीस वर्षांत कधी असे दिसले नव्हते.

तेवढ्यात नागेश आचारी झारा हातात घेऊन दारात आला. "बाबूजी, पोयी थंडी होऊन राह्यली. बोलवाले कोन गेलं?"

"बोलवाले? टाइम टाकला होता ना मेसेजात!"

नागेशनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस वर्ध्याचा की विलायतेचा. "टाइमावर कोन येते जी? जेवन झालं का दारोदार जाऊन म्हना लागते, चला, पानं वाढले. त्याबिगर मानूस उठन काजी? का भुकेलं हाय म्हनून पयत येईन?"

बरोबर होतं. आमच्याकडची रीतच ती. आधी आवतन, मग ऐन जेवणाच्या वेळी बोलावणं. आवतन आल्यावर माणूस आंघोळ करून, कपडे घालून, घरी चूल न पेटवता तयार बसतो. पण बोलावणं आल्याशिवाय पानावर बसला तर लोक काय म्हणतील? उपाशी होता म्हणतील. बंडूजींचं बालपण याच रीतीत गेलं होतं. पण चौतीस वर्षं क्वार्टरात राहून, जिथे पत्रिकेवरची वेळ पाहून लोक स्कूटरवरून येतात, पाकीट देतात आणि जेवून जातात, तिथे राहून ते नेमकं हेच विसरले होते.

"म्या त्याच रोजी म्हनलं होतं," सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. बस, एवढंच. त्यांचं शस्त्र ते एकच होतं आणि ते पुरायचं.

दुसऱ्या एखाद्यानं इथे चपला घातल्या असत्या. बंडूजींनी मोबाइल काढला. 'भोजन तयार आहे. त्वरित यावे. बं. रा. साठवणे, सेवानिवृत्त.' घामानं बोटं घसरत होती तरी लिहिलं, शंभरावरच्यांचे पैसे पडले तरी चालतील म्हणून सगळी यादी निवडली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक पाकीट थोडा वेळ गरगर फिरलं आणि थांबलं. वरच्या कोपऱ्यातल्या दांड्या गायब. लाईन गेल्यावर टॉवरची बॅटरी तासभर टिकायची, आणि तो तास संपला होता. सगळे मेसेज आउटबॉक्सात जाऊन पडले.

"मी जाऊन येतो बाबा," निकेश म्हणाला.

"पूजेवर बसलेल्यानं उंबरठा ओलांडायचा नाही आज," भटजी म्हणाले.

"घरधन्यानंच जा लागते," नागेशनं झारा हलवून सांगितलं.

आणि बंडूजी निघाले. डोक्याला दुपट्टा, अंगावर नवं धोतर, पायात घाईत घातलेल्या हर्षाच्या चपला. पहिल्या दारात गेले. 'सर्व संबंधितांस' असं काहीतरी ओठांवर आलं होतं. मग कुठून तरी लहानपणचा आवाज वर आला आणि ते म्हणाले, "चला जी. पानं वाढले."

"आले!" घरातून एकदम सात माणसं उठली. "आलं बाप्पा बोलावनं! आमी म्हनलं, बंडूजीले इसर पडला का काय."

दुसरं दार. तिसरं दार. "चला, पानं वाढले." "चुलबंद ना?" "चुलबंद! चुलबंद! सगळे चला!" बंडूजी आता ओरडत होते. धोतराचा सोगा सुटला होता, एक चप्पल डांबरात रुतून राहिली होती. त्यांच्या मागून माणसांची रांग मांडवाकडे चालली होती आणि जो तो त्यांच्या पाठीवर हात ठेवून जात होता. कुणीच रागावलेलं नव्हतं. पाऊण तास भूक मारून, घाम पुसत बसलेली ही माणसं फक्त दोन शब्दांची वाट बघत होती.

शेवटी उरलं समोरचं दार. तीस पावलांचं. बंडूजींनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण चहाची आठवण ताजी होती.

"भैयाजी, चुकलं माह्यं. चला, पानं वाढले."

भैयाजी उठले, कुर्ता झटकला. पण मांडवाकडे गेले नाहीत. तिथंच उभे राहून त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "मले नंतर बोलवा. आधी आत पाहा. सकायी नऊची एसटी धरून आलं कोनी."

आतल्या अंधारात खाटेवर एक म्हातारा बसला होता. डोक्यावर ओला टॉवेल, हातात काठी, अंगात पांढराशुभ्र सदरा. महादेवराव.

बंडूजी दारातच थांबले.

"दादा. तुमाले मेसेज तं... पेंडिंग होता."

"कायचा मेसेज? फोन मेला माह्या बुधवारपासून. सुलोचना आलती शुकरवारी. कुंकू लावून, तांदूळ देऊन आवतन देऊन गेली. म्हने, बंडूले सांगू नका." महादेवरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आवतन आलं म्हनून आलो. सकायपासून बसलो. बोलावनं आलं नाई, म्हनून बसलो हावो."

"सरळ यायचं होतं ना दादा. घर तुमचं."

"घर माह्यं असन. पान तुह्यं हाय." मग जरा थांबून, खिडकीकडे पाहत ते म्हणाले, "निकेशच्या लग्नात बी असाच बसलो होतो. कार्यालयाच्या समोर पानठेला होता, तिथी. पत्रिका तं भेटली होती, म्या सही केली. वाटलं, बंडू येईन बोलवाले. आतून पंगतीचा आवाज येत होता. चार वाजेपर्यंत बसलो. मंग शेवटची एसटी होती."

शाळेच्या फाटकाशी पेपर सुटेपर्यंत उभा राहिलेला हा माणूस लग्नाच्या दारात चार वाजेपर्यंत उपाशी बसला होता, आणि आपण त्याला काय पाठवलं, तर शिक्का मारलेली झेरॉक्स. बंडूजींना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला, वाकून भावाच्या पायांना हात लावला.

"दादा, चला. पान वाढलं."

"वाढलं?"

"वाढलं."

"मंग चाल. केव्हाची भूक लागून राह्यली," असं म्हणत महादेवराव उठले. बाहेर पडल्यावर त्यांची नजर बंडूजींच्या पायाकडे गेली. एका पायात बायकी चप्पल, दुसरा अनवाणी. "अबे, पाय भाजते ना तुह्या," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या चपला काढून पुढे केल्या. दोघांनी त्यावरून रस्त्याच्या मधोमध बराच वाद घातला आणि शेवटी दोघंही अनवाणी उड्या मारत मांडवात शिरले.

पंगत जोरात रंगली. थंड पोळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. योगेंद्र पुन्हा जेवायला बसला, पंगतीला माणूस कमी पडू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. महादेवरावांनी पहिला घास घेतला तेव्हा बंडूजी समोर उभे राहून बघत होते, आणि सुलोचनाबाई दाराआडून बंडूजींकडे बघत होत्या.

चार वाजता लाईन आली. कूलर घरघरले, पंखे फिरले, आणि नाक्यावरचा टॉवर शुद्धीवर आला. आउटबॉक्स बंडूजी विसरून गेले होते, पण आउटबॉक्स काही विसरला नव्हता. मांडवात, ओट्यांवर, गल्लीच्या टोकापर्यंत जेवून सुस्तावलेल्या माणसांच्या खिशांत एकदम फोन वाजू लागले. 'भोजन तयार आहे. त्वरित यावे.'

ओमप्रकाश दुकान सोडून धावत आला. "बाबूजी, अब ग्यारह बार और!" भैयाजी पुन्हा कुर्त्याची बटणं लावत ओट्यावर उभे राहिले. आकाशातून आलं तरी बोलावणं ते बोलावणं, निदान चहा तरी, असं त्यांचं मत पडलं. बंडूजी सगळ्यांपुढे हात जोडून मेसेज रद्द समजण्यात यावा असं सांगत फिरत होते.

आत बैठकीत महादेवराव लोडाला टेकले होते. त्यांचा मेलेला फोन निकेशनं चार्जिंगला लावला होता. तो जिवंत झाला आणि ओळीनं तीनदा वाजला.

"काय म्हनते तो?" महादेवरावांनी विचारलं.

निकेशनं तिन्ही मेसेज वाचून दाखवले. आधी आवतन, मग शुद्धिपत्रक, मग बोलावणं. महादेवरावांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग काठी टेकून उठले, धोतर सावरलं.

"निकेश, हात धुवाले पानी दे."

"काका, आत्ताच तर जेवलात ना?"

"ते वास्तूचं जेवलो. हे तुह्या लग्नाचं. चार साल झाले, पान वाढाचं राह्यलं हाय माह्यं."

बंडूजींनी स्वतः पत्रावळ मांडली, नागेशच्या हातातून झारा काढून घेतला आणि स्वतः वाढलं. वांग्याची भाजी, बुंदी, वाटीभर कढी. महादेवराव सावकाश, एकेक घास चावून जेवले. तेवढ्यात बंडूजींच्या खिशात टुंग वाजलं. अनुक्रमांक एक, डिलिव्हर्ड. सवयीनं त्यांचा हात कोनाड्यातल्या रजिस्टराकडे गेला. लाल रेघेचा रकाना, एकशे सत्तेचाळीसापैकी उरलेली ती एकच जागा.

"काय लिहून राह्यला बे?"

"काई नाई दादा. पोच."

"थांब," महादेवराव म्हणाले. त्यांनी वाटी तोंडाला लावून कढी संपवली, मिशा पुसल्या, ताठ बसले आणि नाक्यावरच्या ओमप्रकाशला ऐकू जाईल अशी सणसणीत ढेकर दिली. "हं. लिही आता."

सुलोचनाबाईंनी आतून विचारलं, दादा, भात घेता का थोडा? घेतो म्हणाले. बंडूजींनी रजिस्टर मिटलं आणि भात आणायला ते स्वतः उठले.